तुळशीदळावरील भानामती

निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड या तीन भाषा बोलणारे जिल्हे एका सत्तेखाली नांदत होते, आणि दरबारची भाषा चौथीच, म्हणजे उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन या राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, बिदर, गुलबर्गा व रायचूर म्हैसूर राज्यास मिळाले आणि तेलंगण आंध्रात समाविष्ट झाले. कचेऱ्या वाटल्या गेल्या, दप्तरे वाटली गेली, नोकरदारांनीही आपापल्या भाषेचा प्रांत धरला. एका गोष्टीची वाटणी मात्र कोणाला करता आली नाही. मराठवाड्यात तिला भानामती म्हणतात, सीमेवरील कानडी मुलखात बानामती आणि तेलंगणात बाणामती. नावाचा उच्चार तेवढा बदलतो. तिची धास्ती तिन्ही भाषांत सारखीच आहे.

घरावर दगड पडू लागणे, दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांनी आपोआप पेट घेणे, ताटात शिजल्या अन्नाऐवजी घाण निघणे, सुनेच्या अंगावर कुंकवाच्या फुल्या उमटणे, चांगल्या बोलत्याचालत्या बाईने कुत्र्यासारखे भुंकू लागणे, ही तिची लक्षणे म्हणून सांगितली जातात. कोणीतरी द्वेषाने ‘केले’ आहे, अशी घरच्यांची खात्री होते आणि मग ते कोणी केले याचा शोध सुरू होतो. या शोधाचा शेवट पुष्कळदा एखाद्या निराधार विधवेच्या किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाच्या दाराशी होतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

या भूमीत १९८० च्या सुमारास एक तेलुगू कादंबरी जन्मास आली. तिचे नाव ‘तुलसीदळम्’. पुढे तिच्यापासून कन्नड बोलपट झाला, त्या वळणाने हिंदी भयपट झाला, आणि हिंदीवरून पुन्हा तेलुगू चित्रपट होऊन ती कथा पाव शतकाहून अधिक काळानंतर आपल्या माहेरी हैदराबादेस परतली. एकाच भयकथेचे इतके अवतार आणि प्रत्येक अवताराचा प्रेक्षक निराळा, असा योग आपल्याकडे क्वचितच दिसतो. या प्रेक्षकांनी त्या कथेचे काय केले आणि कथेने त्यांचे काय केले, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. देवळाच्या ओसरीवर वाचल्या जाणाऱ्या मासिकात भुताखेतांच्या चित्रपटांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या कथेचे नावच तुळशीच्या पानावरून घेतले आहे आणि जिच्यात देवळाचा प्रश्न ऐन मध्यभागी येऊन बसतो, तिच्याविषयी देवळातल्या मंडळींनी बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

यंडमूरी वीरेंद्रनाथ (जन्म १९४८) हे या कादंबरीचे लेखक. ते मूळचे चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे हिशेब तपासणे हा ज्यांचा धंदा, अशा व्यक्तीने मंत्रतंत्राची कथा लिहावी हा गमतीचा योग खरा. परंतु या हिशेबी वृत्तीचा कादंबरीस फायदाच झाला. तुळसी नावाची एक लहान मुलगी, तिच्या नावे ठेवलेली मोठी रक्कम, त्या रकमेवर डोळा ठेवणारे लोक आणि त्यांनी मुलीवर सोडलेला ‘काश्मोरा’ नामक क्षुद्र शक्तीचा प्रयोग, असे तिचे स्थूल कथानक आहे. मुलीचा मृत्यू ठरावीक दिवसांनी अटळ आहे, असे वाचकास आरंभीच कळते आणि मग दिवस मोजले जाऊ लागतात. एकीकडे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ आपापले निदान करीत असतात, तर दुसरीकडे मांत्रिक आपला विधी पुढे नेत असतो. मुलगी कशाने आजारी आहे आणि कशाने बरी होणार, या प्रश्नाची दोन उत्तरे लेखक समांतर चालवतो. विश्वास ठेवणाऱ्यास एक दार उघडे, न ठेवणाऱ्यास दुसरे. लोकप्रिय लेखकाची ही युक्ती चतुर होती, यात शंका नाही. ती प्रामाणिक होती की नव्हती, यावर पुढे बराच वाद झाला.

ही कादंबरी ‘आंध्रभूमी’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. दूरदर्शन घरोघरी पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात तेलुगू साप्ताहिकांचा वाचकवर्ग अफाट होता, आणि त्यात गृहिणींचा भरणा मोठा होता. क्रमशः छापल्या जाणाऱ्या कथेचे भय हे चित्रपटगृहातल्या भयापेक्षा वेगळ्या जातीचे असते. चित्रपट अडीच तासांत संपतो, दिवे लागतात, माणूस रस्त्यावरच्या गर्दीत येतो. साप्ताहिकातले प्रकरण मात्र नेमक्या कड्यावर आणून सोडते आणि वाचकास सात दिवस घरातच त्या भयाबरोबर राहावे लागते. दुपारी वाचलेले रात्री आठवते. पाळण्यातले मूल विनाकारण रडले तर आई दचकते. रात्री ते पान उघडण्याचा धीर होत नसे, असे त्या काळचे वाचक आजही सांगतात; आणि या मालिकेने साप्ताहिकाचा खप पुष्कळ वाढवला, हेही आवर्जून सांगितले जाते. शेजारच्या घरातून अंक मागून आणून, आपसांत पाने वाटून घेऊन वाचणारी ही पिढी म्हणजे या कथेचा पहिला प्रेक्षकवर्ग होय. पडदा नव्हता एवढेच.

‘क्षुद्र’ हा शब्द येथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपण मराठीत क्षुद्र म्हणतो ते हलक्या, कोत्या किंवा नगण्य गोष्टीस. तेलुगूत ‘क्षुद्र विद्या’ म्हणजे जारणमारण, चेटूक, मूठ मारण्याची विद्या. ‘तुलसीदळम्’च्या यशानंतर तशाच कथांची तेलुगूत लाट आली आणि टीकाकारांनी तिला ‘क्षुद्र साहित्य’ हे नाव दिले. त्या नावात दोन्ही अर्थ एकदम बसतात, आणि ते ठेवणाऱ्यांस तेच हवे होते.

या लाटेविरुद्ध सर्वांत कडक लेखणी चालली ती रंगनायकम्मा यांची. रामायणावरील त्यांचे लेखन आमच्या वाचकांस कदापि रुचणारे नाही. आम्हांसही ते रुचलेले नाही. परंतु शत्रूच्या मुखातूनही योग्य वचन ऐकावे, अशी आपली परंपरा आहे. ‘तुळशीदळ नव्हे, गांजाचा झुरका’ अशा अर्थाच्या मथळ्याचे त्यांचे टीकापर पुस्तक गाजले. ज्या समाजात आजाऱ्यास दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते, तेथे मांत्रिकाची शक्ती खरी आहे असे भासवणारी कथा निव्वळ करमणूक राहत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. वाद इतका पेटला की तो न्यायालयापर्यंत पोहोचला. कादंबरीच्या चाहत्यांचे उत्तर साधे होते. कथा ही कथा आहे. वाचकास तेवढे कळते.

हे उत्तर आपल्या रसशास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे. भरतमुनींनी भयानक रसास आठ रसांत मानाचे स्थान दिले आहे. ओसाड घर, अरण्य, घुबड व कोल्हीचा आवाज, भूतपिशाचाचे दर्शन ही त्या रसाची कारणे म्हणून नाट्यशास्त्रात येतात. आजचा भयपट दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीपलीकडे फारसा गेलेला नाही, हे कोणीही ताडून पाहावे. पण भय हा भाव आणि भयानक हा रस यांत भेद आहे. अभिनवगुप्ताचार्यांनी रसानुभवाचे स्वरूप उलगडताना शाकुंतलातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणाऱ्या त्या हरिणाचे भय प्रेक्षकास जाणवते. मात्र ते ‘माझे’ नसते, ‘शत्रूचे’ नसते, या काळाचे नसते, या स्थळाचे नसते. व्यक्ती, देश आणि काल यांच्या बंधनातून सुटल्यामुळेच ते आस्वाद्य होते. यालाच साधारणीकरण म्हणतात.

आता बाणामतीच्या मुलखातला प्रेक्षक घ्या. मेदकच्या एखाद्या खेड्यातून हैदराबादेस पोट भरण्यासाठी आलेला माणूस आरटीसी चौकातील चित्रपटगृहात बसला आहे. पडद्यावर लिंबू, टाचण्या, बाहुली, हळदकुंकवाचे रिंगण दिसते. त्याच्या गावी गेल्याच साली कोणावर तरी हाच आळ आला असेल. त्याच्या मनातले भय देश-कालाच्या बंधनातून सुटावे कसे? त्याला ते आपल्याच गल्लीचे वाटते. अशा प्रेक्षकास रसास्वाद न होता भीतीस दुजोरा तेवढा मिळतो. कथा ही कथा आहे, हे शहरातल्या सुशिक्षित वाचकाचे उत्तर त्याच्यासाठी खरे ठरत नाही, आणि रंगनायकम्मांच्या आक्षेपातील तेवढा भाग आम्हांस मान्य करावा लागतो.

१९८५ साली कन्नडात ‘तुलसीदळ’ या नावाने या कादंबरीवर चित्रपट निघाला. पुढल्याच वर्षी तेलुगूत कादंबरीच्या उत्तरभागाच्या आधारे ‘काश्मोरा’ आला. यंडमूरींच्या कादंबऱ्या त्या सुमारास तेलुगू चित्रसृष्टीस फारच मानवत होत्या. फाशीच्या शिक्षेचा प्रश्न हाती घेणारी त्यांची ‘अभिलाषा’ १९८३ साली चिरंजीवी यांस घेऊन पडद्यावर आली होती. या दोन भयपटांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. वाचकांनी कल्पनेने रंगवलेला काश्मोरा त्या काळच्या रंगभूषेत व धुराच्या लोटांत कितपत मावला असेल, हे सांगावयास नको. एवढेच म्हणता येते की, काश्मोरा हा शब्द त्यामुळे न वाचणाऱ्यांच्याही तोंडी रुळला.

या सर्व परंपरेच्या मुळाशी एक परदेशी ग्रंथही उभा आहे. विल्यम पीटर ब्लॅटी यांची ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ साली निघाली आणि विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला तिच्यावरील चित्रपट अमेरिकेत १९७३ च्या नाताळात प्रदर्शित झाला. पछाडलेली बालिका, हतबल झालेले डॉक्टर, आणि शेवटी धर्मोपदेशकाचा विधी, हा साचा तेथून जगभर गेला. थंडीत लांबच लांब रांगा लावून तिकिटे काढलेले प्रेक्षक मध्येच घेरी येऊन पडत, कोणास ओकारी होई, कोणी उठून चालते होत, आणि ही वर्णने वाचून दुसऱ्या दिवशीची रांग आणखी वाढे. भयपटाच्या बाबतीत प्रेक्षकांची प्रतिक्रिया हीच जाहिरात होते, हा धडा व्यापारी जगाने तेथून पक्का गिरवला. वस्तुतः तो त्याही आधीचा आहे. १९५८ साली विल्यम कॅसल नावाच्या निर्मात्याने ‘मकाब्र’ या चित्रपटाच्या प्रत्येक प्रेक्षकाचा, भीतीने मृत्यू आल्यास एक हजार डॉलर मिळतील असा विमा उतरवला होता. विमा कोणास मिळाल्याचे ऐकिवात नाही; तिकिटे मात्र खपली.

आपल्याकडे ‘द एक्झॉर्सिस्ट’चे वळण प्रथम गिरवणाऱ्यांत १९७७ चा ‘जादू टोना’ हा हिंदी चित्रपट येतो. त्याचे दिग्दर्शक रविकांत नगाइच यांची उमेदवारी तेलुगू पौराणिक चित्रपटांच्या छायाचित्रणात झाली होती. १९६१ च्या ‘सीताराम कल्याणम्’चे छायाचित्रण त्यांचेच. देवांचे चमत्कार दाखवणारा कॅमेरा भुतांचे चमत्कार दाखवू लागला, एवढाच काय तो फरक. त्यानंतर रामसे बंधूंचा काळ आला आणि १९८४ साली ‘पुराना मंदिर’ने गल्ला भरला. त्यातील मंदिराची अवस्था पाहून देवालयांच्या विश्वस्तांनी हळहळावे की हसावे, हे आम्ही वाचकांवर सोपवतो.

आता हैदराबादेकडे वळू. १९६२ साली या शहरात जन्मलेले राम गोपाल वर्मा हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता. अमीरपेठेत त्यांनी व्हिडिओ फिती भाड्याने देण्याचे दुकान चालवले, आणि १९८९ साली ‘शिवा’ या तेलुगू चित्रपटाने ते एकाएकी प्रसिद्धीस आले. ‘तुलसीदळम्’ साप्ताहिकातून छापली जात होती तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. भयपटाची त्यांस विशेष ओढ. १९९२ साली तेलुगूत ‘रात्री’ व हिंदीत ‘रात’, आणि २००३ साली ‘भूत’ असे त्यांचे भयपट आले. २२ ऑगस्ट २००८ रोजी त्यांचा ‘फूंक’ प्रदर्शित झाला. ‘तुलसीदळम्’ कादंबरी व तिच्यावरील कन्नड चित्रपट यांच्याशी ‘फूंक’चे नाते सर्वत्र जोडले जाते, आणि कथानक पाहता ते जोडणाऱ्यांस दोष देता येत नाही. मराठी प्रेक्षकांस या चित्रपटाविषयी थोडी जवळीक वाटण्याचेही कारण आहे. पटकथेचे काम मिलिंद गडागकर यांचे, नायिकेच्या भूमिकेत अमृता खानविलकर आणि करणी करणाऱ्या स्त्रीच्या भूमिकेत अश्विनी काळसेकर. नायक सुदीप मात्र कन्नड चित्रसृष्टीतले, आणि त्यांचा हा पहिलाच हिंदी चित्रपट.

प्रदर्शनापूर्वी एक घोषणा झाली. चित्रपटगृहात एकट्याने बसून हा चित्रपट शेवटपर्यंत पाहील त्यास ५ लाख रुपये बक्षीस, आणि पाहणाऱ्याच्या अंगास हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र लावलेले. विल्यम कॅसलचा विमा पन्नास वर्षांनी आपल्या वेशात आला. ही घोषणा करणाऱ्याने एक गोष्ट बरोबर ओळखली होती. भयपटाचे खरे भय एकांतात असते आणि चित्रपटगृहात एकांत नसतो. भरल्या सभागृहात भयाचे दृश्य येते तेव्हा पहिली किंकाळी कोणी एक जण फोडतो, त्यावर चारजण हसतात, मागल्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने काही विनोद करतो आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो. हे हसणे उपहासाचे आहे असे समजून समीक्षक चित्रपटास नापास करतात. आमच्या मते ते बहुधा चुकतात. गोंधळाला किंवा दशावताराला जमलेली मंडळी राक्षसाच्या प्रवेशाला अशीच कोलाहल करतात. मुले आईच्या पदरात तोंड लपवतात आणि त्याच पदराआडून पुन्हा डोकावतात. समूहाने भ्यावे आणि समूहानेच भीती उधळून लावावी, ही जुनी रीत आहे. बक्षिसाच्या युक्तीने प्रेक्षकाचा तो आधारच काढून घेतला होता. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ असे आपण म्हणतो. येथे ब्रह्मराक्षसानेच जाहिरात देऊन भित्रा शोधला.

कथेत काय आहे ते संक्षेपाने सांगितले पाहिजे. नायक राजीव हा इमारती बांधणारा, देव न मानणारा. त्याच्या बांधकामाच्या जागी गणपतीच्या आकाराचा एक पाषाण निघतो. मजूर म्हणतात, येथे देऊळ बांधावे. तो नाकारतो. दुसरीकडे, अफरातफरीबद्दल त्याने हाकलून दिलेले एक जोडपे सूडास पेटलेले असते. त्याची लहान मुलगी रक्षा विचित्र आवाजात बोलू लागते, तिची अवस्था डॉक्टरांच्या आटोक्यात येत नाही, आणि अखेर हा बुद्धिवादी बाप एका मांत्रिकाच्या आश्रयास जातो.

श्रद्धावान प्रेक्षकांस हा शेवट समाधान देऊन गेला, यात नवल नाही. नास्तिकाची रग उतरली, देव नाही म्हणणाऱ्यास अनुभव आला, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. बुद्धिवाद्यांस तोच शेवट खुपला. चित्रपट अंधश्रद्धेस खतपाणी घालतो, हा त्यांचा आक्षेप. दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एकमत होते, आणि आमचा मतभेद नेमका तेथेच आहे. हा श्रद्धेचा विजय आहे, असे दोघेही धरून चालले होते. नीट पाहिले तर राजीव शेवटी शरण कोणास जातो? गणपतीस? पाषाणास? आईच्या देवघरास? तो शरण जातो मांत्रिकास. करणीवर उतारा म्हणून उलट करणी जाणणारा माणूस गाठला जातो. देव या कथेत केवळ एका बाजूचा पंचाक्षरी होऊन उभा आहे. देवळाला नकार दिला म्हणून मूल आजारी पडले, असा जो संशय कथा मनात सोडून देते, तो तर आम्हांस अत्यंत अनुदार वाटतो. आपल्या पित्याच्या शब्दासाठी विघ्नहर्ता एका कोवळ्या मुलीवर विघ्न सोडील, ही कल्पना कोणत्या पुराणातली?

गोव्याकोकणातील देवस्थानांचे उदाहरण येथे आठवते. भय तेथेही होते आणि आहे. देवचार आहे, राखणदार आहे, पायवाटेवरचा जुना वड आहे. परंतु त्या भयास आपल्या पूर्वजांनी देवळाच्या चौकटीत आणले. संकट आले तर माणूस महाजनांसमक्ष, पुजाऱ्याच्या मुखाने देवापुढे गाऱ्हाणे घाली; मूर्तीस लावलेल्या पाकळ्यांपैकी डावी पडली की उजवी, यावरून कौल घेई. कौलातून पुढे येणारी आज्ञा बहुधा काय असे? राहिलेला नवस फेडा, पडीक समाधीची दिवाबत्ती करा, भाऊबंदांतला तंटा मिटवा. शेजारणीला जाळा, असे पाकळी सांगत नसे. वेताळासारखे नाव घ्या. चित्रपटात त्याची योजना झाली असती तर तो खचित दात विचकून उभा राहिला असता. गोव्यात आमोणे, पैंगीण या गावी तो ग्रामदेव आहे. रात्री गावाची फेरी मारून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा अर्पण करतात. ज्याचे भय वाटावे त्याच्याच पायाची काळजी घेण्याइतके सख्य! वेताळपंचविशीतला वेताळसुद्धा राजाच्या मानगुटीवर बसून काय करतो, तर न्यायाचे कोडे घालतो. विचार करून उत्तर दिल्याखेरीज तेथे सुटका नाही. या व्यवस्थेत दोष नव्हते, असे आमचे म्हणणे नाही. अंगात आलेल्याच्या मुखातून पुष्कळ अनर्थही झाले आहेत. पण मांत्रिकाच्या खाजगी खोलीत आणि देवळाच्या उघड्या सभामंडपात अंतर आहे, आणि ‘फूंक’ने ते अंतर पुसून टाकले.

तीच गत कावळ्याची. ‘फूंक’च्या भित्तिपत्रकांवर काळा कावळा झळकत होता आणि चित्रपटातही अशुभाची खूण म्हणून तो येतो. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवावा म्हणून आपण डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो. त्यात थोडी धाकधूक असते, पण गेलेल्या माणसाची माया त्याहून अधिक असते. पडद्यावरच्या कावळ्यात ती माया उरली नाही.

२००८ सालीच या कथेने पुन्हा तेलुगू वेश घेतला. ‘रक्षा’ हे त्या चित्रपटाचे नाव. प्रमुख भूमिका जगपती बाबू व कल्याणी यांच्या, दिग्दर्शन वंशीकृष्ण आकेला यांचे. हिंदीवरून तेलुगूत केलेली ही पुनर्निर्मिती होती. मूळ तेलुगू कादंबरीचे नाव न घेता, कन्नड व हिंदीचा फेरा करून कथा जिथून निघाली त्या शहरात पोहोचली. काशीस पाठवलेली गंगाजळाची झारी दुसऱ्याच नावाने घरी परत यावी, तसा हा प्रकार झाला.

येथील प्रेक्षकाची स्थिती मुंबईच्या प्रेक्षकाहून वेगळी होती. १९८० च्या सुमारास विशीत असलेली आणि चोरून साप्ताहिक वाचणारी तरुणी २००८ साली पन्नाशीच्या घरात आली होती. तिला पुढे काय होणार हे ठाऊक होते. भयपटाचे अर्धे बळ न कळण्यात असते. ते बळ तिच्यापुरते संपलेले. पण ज्ञात कथेचे सुख निराळे असते, हे रामकथा ऐकणाऱ्या समाजास कोणी शिकवायला नको. सीताहरण होणार हे माहीत असूनही कीर्तनात श्रोते दर वेळी हळहळतात. तसे येथे झाले काय? आम्हांस वाटते, झाले नाही. कादंबरीत दिवस मोजण्याचा जो ताण होता, दोन उत्तरांमधली जी ओढाताण होती, ती हिंदीच्या वाटेने येताना गळून गेली आणि उरले ते अचानक कानठळ्या बसवणारे आवाज व वाकडेतिकडे कॅमेऱ्याचे कोन. आठवणीतल्या भीतीशी ताडून पाहणाऱ्या प्रेक्षकास पडदा नेहमीच तोकडा पडतो. तिच्या शेजारी बसलेल्या विशीतल्या मुलाने मात्र कादंबरीचे नावही ऐकले नसेल. त्याला हा एक नवा चित्रपट होता, आणि तो इंग्रजी भयपटांच्या शेजारी ठेवून त्याचे मोल करीत होता. एकाच घरातील दोन पिढ्या एकाच बाकावर बसून दोन वेगळे चित्रपट पाहत होत्या. हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची तर तिसरीच तऱ्हा. त्यांचे तेलुगू बोलणे अस्खलित, हिंदीही घरची. आणि भानामती हा शब्द त्यांनी लातूर-नांदेडकडल्या आजीच्या तोंडून ऐकलेला. त्यांस ‘फूंक’ व ‘रक्षा’ दोन्ही कळत होते, आणि दोन्हींत आजीच्या गोष्टीतला गाव सापडत नव्हता.

योगायोग असा की, मराठी भयकथेस ज्यांनी स्वतःचे रूप दिले ते नारायण धारप याच २००८ साली ऑगस्टमध्ये निवर्तले. त्यांच्या कथांतही अघोरी शक्ती आहेत आणि त्यांचा परिहारही आहे. पण धारपांचा वाचक पुस्तक मिटून शेजाऱ्यावर संशय घेत नाही, कारण ते भय बहुधा अनोळखी, या जगाबाहेरचे असते. शेजाऱ्याचा द्वेष हे ज्या भयाचे मूळ, ते भय भानामतीचे.

‘फूंक’ने बेताच्या खर्चात चांगली कमाई केली. साहजिकच २०१० साली ‘फूंक २’ आला. या वेळी दिग्दर्शन मिलिंद गडागकर यांचेच होते, आणि एकट्याने पाहण्याचे ५ लाखांचे आव्हानही पुन्हा देण्यात आले. पहिल्या वेळचे कुतूहल दुसऱ्यांदा जमले नाही. एकदा फसलेला प्रेक्षक दुसऱ्यांदा सावध होतो, हे भयपटालाही लागू आहे.

काश्मोराचे पुढे काय झाले, हे तर अधिक मौजेचे आहे. २०१६ साली ‘काश्मोरा’ याच नावाचा तमिळ चित्रपट तेलुगूतही प्रदर्शित झाला. कथा वेगळी, कादंबरीशी संबंध नाही. त्यात कार्ती यांनी रंगवलेला काश्मोरा हा भुते उतरवण्याचे सोंग करून लोकांस लुबाडणारा भोंदू आहे, आणि त्याच्या लबाड्यांवर प्रेक्षकांनी हसावे अशी योजना आहे. ज्या नावाने १९८० साली आयांनी मुलांना जवळ ओढले, त्या नावाला पस्तीस वर्षांनी हशा मिळाला.

पडद्याबाहेर मात्र हा बदल इतक्या त्वरेने झालेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात भानामतीच्या अनेक प्रकरणांचा शोध घेतला, आणि दगड फेकणारा हात प्रत्येक वेळी माणसाचाच निघतो, बहुधा घरातल्याच एखाद्या गांजलेल्या माणसाचा, हे दाखवून दिले. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली; त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि २०१७ साली कर्नाटकानेही तसा कायदा केला. तेलंगणातील खेड्यांत बाणामतीच्या संशयावरून माणसास झाडाला बांधून मारल्याच्या, मंत्राचा उच्चार होऊ नये म्हणून त्याचे दात पाडल्याच्या, जिवंत जाळल्याच्या वार्ता वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत येत राहिल्या आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात खुनांचे हेतू देतो. मालमत्तेचा तंटा, प्रेमप्रकरण, वैयक्तिक वैर अशा रकान्यांच्या ओळीत ‘जादूटोणा’ असाही एक रकाना असतो.